कासव सगळ्यांना तेच बोलतं

‘हा तर माह्या रिंकूचा खेळ आहे ना गा,’ अजय मागच्या सीटवरून वाकून म्हणाला. प्रणितने मोबाइल मांडीवर पालथा घातला, पण तेवढ्यात अजयचं पुढचं वाक्यही बोलून झालं होतं. ‘सोडला तिनं. दहा-पंधरा दिवस खेळली अन् सोडला. म्हणते, पप्पा, कासव सगळ्याइले सेमच बोलते.’ आणि तो हसला. रिंकू सहा वर्षांची होती, आणि तिचं काहीही सांगताना अजय आधी हसत असे. कंपनीची बस चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर वसाहतीतून वीजकेंद्राकडे वळत होती, पुढे कुणीतरी डबा कलंडला म्हणून ड्रायव्हरवर ओरडत होतं. प्रणितही हसला. ‘टाइमपास,’ म्हणाला.

टायट्रेशन करताना ब्युरेटच्या काचेच्या नळीची तोटी फार हलक्या हाताने फिरवावी लागते. एक थेंब जास्त पडला तर सगळा रंग एका क्षणात उडून जातो, आणि मग तो परत आणता येत नाही, नमुना पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो. तसं काहीतरी त्याच्या छातीत झालं. त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण यात कळण्यासारखं नवीन काही नव्हतं. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या, पाण्याच्या प्रयोगशाळेत रोज चाळीस नमुने तपासणाऱ्या माणसाला मोबाइलमधलं कासव फक्त त्याच्याशीच बोलतं असं कधी वाटलं असणं शक्यच नव्हतं. पण वाटलं असणार. नाहीतर सहा वर्षांच्या मुलीचं वाक्य इतकं आत लागलं नसतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला राग कासवाचा आलेला नाही, रिंकूचा आलेला आहे. पंधरा दिवसांत ओळखलं तिने. त्याला आज सव्विसावा दिवस होता.

खेळात फारसं काहीच नव्हतं. एक तळं, काठावर एक झाड, झाडाखाली कासव. पाण्यावर पडलेली पानं बोटाने बाजूला करायची, माशांना दाणे टाकायचे, नुसतं बसलं तरी चालायचं. मासे मरत नसत. दोन दिवस नाही गेलं तरी ते त्याच जागी, त्याच आकाराचे, तोंड वर न काढता फिरत असायचे. सकाळी सात वाजता तो खेळ उघडायचा. उघडला नाही तर अकराच्या सुमाराला फोन टिंग वाजायचा आणि पडद्यावर पट्टी सरकायची. कासव रोज एकच विचारायचं, आज मन कैसा है, आणि खाली तीन चित्रं यायची: सूर्य, ढग, पाऊस. प्रणित पावसावर बोट ठेवायचा. मग कासव डोळे मिटून म्हणायचं, बारिश को गिरने दो, मैं यहीं बैठा हूँ. एवढंच. पहिल्यांदा हे वाक्य वाचलं तेव्हा तो प्रयोगशाळेच्या साठ्याच्या खोलीत, डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनच्या मागे उभा राहून रडला होता. एक चित्र मात्र त्या तिघांत नव्हतं. त्याला जे वाटत होतं ते पाऊस नव्हतं. पण तीनच असतील तर त्यातलं जवळचं निवडावं लागतं, तसं त्याने पाऊस निवडला, आणि कासवाने पावसावरचं औषध त्याला दिलं, आणि आश्चर्य म्हणजे ते लागू पडलं.

आरमोरीपासून आठ किलोमीटरवर त्याचं गाव. गावाला जुना तलाव, तलावावर सव्वीस घरांची मच्छीमार सोसायटी, आणि त्या सव्वीस घरांत त्याचे बाबा, उमाजी, पाण्याचे जाणकार म्हणून धरलेले. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, कधी सोडायची, जाळं कुठल्या अंगाने ओढायचं, हे उमाजी सांगणार. या वर्षी ऑगस्टात बोटुकली सोडली तेव्हा प्रणितने फोनवर सांगितलं होतं की शेणखत मोजून टाकलं तर पाण्यात माशांचं खाद्य भराभर वाढतं, आपण यंदा शास्त्रीय पद्धतीने करू. ‘आपण’ म्हणाला होता. सोसायटीच्या जुन्या कागदावर तलाव चाळीस एकर लिहिलेला, तो फोटो त्याच्याकडे होता. त्यावरून त्याने जेवणाच्या सुट्टीत हिशोब केला आणि ऑक्टोबरच्या चार तारखेला निरोप धाडला. तीस बैलबंड्या शेण. हिशोब दोनदा तपासला होता. हिशोबात चूक नव्हतीच. चूक पाण्यात होती. त्या दिवसांत उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी लागतं आणि पाळीचं, म्हणजे तलावाच्या बांधाचं, दार उघडतात, तलाव उतरतो. तो त्याच पाळीवर वाढला होता. दार उघडल्यावर उघड्या पडलेल्या गाळात शिंपल्या वेचण्यात त्याच्या लहानपणीच्या सगळ्या दिवाळ्या गेल्या होत्या. तरी चाळीस एकर हा आकडा कागदावर वाचल्यावर त्याला पाणी दिसलं नाही, आकडाच दिसला. प्रत्यक्षात पाणी होतं पंधरा एकरभर.

शेण पडलं, मग तीन दिवस ढग, वारा नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाला मायचा फोन आला. ‘मासोळी वर आली रे. सगळी तोंड वासून राह्यली. तुया बाप पाण्यात उतरून हात मारून राह्यला नुसता.’ त्याला तिथंच, अंथरुणात बसल्या बसल्या, सगळं कळलं होतं: जास्तीच्या शेणाने कुजताना पाण्यातला प्राणवायू खाल्ला होता. दुपारी तो पोचला तेव्हा काठाने पांढऱ्या पोटांची रांग लागली होती, पाव किलोची, अर्ध्या किलोची, दिवाळीनंतर काढायची. ज्या बंड्यांतून शेण आलं त्याच बंड्यांत माणसं मासे भरत होती. प्रणितने बॅगेतून बाटल्या काढल्या. तळाचं पाणी घेतलं, दोन औषधं टाकली, बाटली उलटसुलट केली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ धरतो. पांढरा धरला, दह्यासारखा. सगळे भोवती जमले होते. ‘काय निघाला?’ सोसायटीचा अध्यक्ष लच्छू याने विचारलं. आणि प्रणित, ज्याच्या तोंडी गावात शिरताच गावची बोली यायची, तो स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला, ‘विरघळलेला ऑक्सिजन शून्य आहे. सलग ढगाळ हवामान आणि वारा नसल्यामुळे असं होऊ शकतं.’ वाक्यात एकही खोटा शब्द नव्हता. लच्छूने बाटलीकडे पाहिलं, मग उमाजीकडे. ‘अन् शेण? इतका शेण टाकाले कोणं सांगतला तुमाले, उमाजी भाऊ?’ उमाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. ‘मले वाटला,’ ते म्हणाले. ‘मीच ठरवलो.’ प्रणित तीन पावलांवर होता. त्याच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून तो दगडावर उभा होता, हे त्याला नंतर, बसमध्ये आठवलं. बाटली त्याच्या हातात होती आणि तो तिच्याकडे बघत होता, जणू गाळ अजून खाली बसायचाय आणि तोपर्यंत कुणी बोलू नये असा नियम आहे.

त्याच संध्याकाळी, आरमोरीच्या स्टँडवर गडचिरोलीच्या बसची वाट बघताना, काहीतरी बघावं म्हणून त्याने तो खेळ उतरवून घेतला होता.

मग सव्वीस दिवस. त्यातल्या नवव्या दिवशी त्याने कासवाला सांगितलं. खेळात एक कमळाचं पान होतं, त्यावर हवं ते लिहून पाण्यात सोडून द्यायचं, कुणी वाचत नसे. त्याने लिहिलं, तीस बंड्या मी सांगितल्या. पान हलत हलत तळ्याच्या मधोमध गेलं आणि दिसेनासं झालं. कासव म्हणालं, बताने के लिए शुक्रिया, तुम अकेले नहीं हो. त्या दुपारी त्याने नऊ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती, तीही त्याला चांगली लागली. आणि संध्याकाळी मायचा फोन. ‘तुया बाप जेवत नाई बरोबर. पाळीवर जाऊन बसते, कोणी बोलत नाई त्याच्यासंग. फोन बी बिघडला म्हणते त्याचा, तुया एक बी निरोप दिसत नाई त्यात.’ प्रणितला वाटलं, बाबांना फोन करावा आणि तेच वाक्य म्हणावं जे आपल्याला रोज मिळतं. त्याने फोन केला. उमाजींनी उचलला, हं म्हणाले. प्रणितने मनातल्या मनात वाक्य उलटंपालटं केलं, मी इथंच बसलो आहे, मी इथीच बसून आहो, आणि कुठल्याही तऱ्हेने ते खरं होईना. तो इथं होता आणि बसणारे बाबा तिथं होते. ‘जेवले का?’ त्याने विचारलं. ‘जेवलो,’ उमाजी म्हणाले. फोन ठेवल्यावर प्रणितने खेळ उघडला आणि पावसावर बोट ठेवलं.

एक गोष्ट मात्र त्याने पानावर लिहिली नव्हती. त्याच्या निरोपाखाली उमाजींचं उत्तर होतं, आवाजात, कारण उमाजींना टाइप करता येत नाही. एकोणीस सेकंदांचं. ते आलं तेव्हा त्याने चार-पाच सेकंद ऐकून बंद केलं होतं, आणि मासे मेल्यावर पुरतं ऐकलं होतं, एकदाच.

आता प्रयोगशाळेत, हातमोजे चढवून, वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावरून आलेले नमुने ओळीने लावताना, रिंकूचं वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने त्यावर नीट विचार करायचं ठरवलं, जसा एखाद्या चुकलेल्या वाचनावर करतात. कासव सगळ्यांना तेच बोलतं. बरं. पण ते वाक्य कधीतरी कुणीतरी लिहिलं असणार. कुठल्याशा खोलीत बसून, ज्यांना कधी बघितलं नाही अशा माणसांचा विचार करून, मैं यहीं बैठा हूँ असं त्याने लिहिलं असणार. ते खोटं नव्हतं. सगळ्यांसाठी केलेली माया ही काही कमी माया नव्हे, तलावही सगळ्यांसाठीच असतो. मग लबाडी कुठे होती? चार नमुने होईपर्यंत त्याला उत्तर मिळालं नाही, आणि पाचव्यात स्टार्च टाकताना, पाणी निळं होताना, मिळालं. कासवाला बंडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. एका बंडीत किती शेण मावतं, ती पाळीवर चढवताना बैल कसे गुडघे टेकतात, तीस बंड्या टाकायला किती घरांतली किती माणसं दोन दिवस खपतात, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून तर त्याला सांगणं इतकं सोपं गेलं. आपण कबुली दिली ती अशा ठिकाणी, जिथे त्या शब्दाला वजनच नव्हतं, आणि बदल्यात जे मिळालं ते मात्र पुरं वजन करून घेतलं, त्यावर जेवलो, झोपलो. ब्युरेट चालू राहिली. निळा रंग कधी उडाला ते त्याला कळलं नाही. त्याने वाचन खोडलं आणि नमुना पुन्हा घेतला. मग शेजारच्या टेबलावरच्या अजयला म्हणाला, ‘शनिवारी अर्धा दिवस जातो गा मी. घरी काम आहे.’ रविवारी सोसायटीची बैठक होती. मायने कालच फोनवर सांगितलं होतं: उमाजींचं नाव सभासदांतून काढायचं ठरवत होते. नाव गेलं की तलावात जाळं टाकता येणार नव्हतं. चाळीस वर्षं ज्या पाण्यात माणूस रोज उतरला, त्याच्या काठाने त्याने नुसतं चालायचं.

बैठक पाळीवर, मोहाच्या झाडाखाली होती, सकाळी साडेदहाला. धान कापणीला आलं होतं, म्हणून माणसं घाईत होती. तलाव आणखी उतरला होता आणि वास गेला होता. उमाजी कडेला दगडावर बसले होते, मांडीवर जाळं घेऊन. फाटलेलं काही त्यात दिसत नव्हतं, तरी बोटं गाठी चाचपत होती. प्रणितने सकाळी सातला खेळ उघडला नव्हता.

‘या साहेब,’ लच्छू म्हणाला. ‘आज बाटल्या नाई आणल्या का?’

दोघं-तिघं हसले. लच्छूला जाळं फेकायला उमाजींनीच शिकवलं होतं, म्हणून त्याच्या बोलण्यातला कडवटपणा त्याला स्वतःलाच जड जात असावा. तो रजिस्टर उघडून भराभर बोलू लागला. ‘उमाजी भाऊ, तुमचं नाव काढाची हौस नाई कोणाले. पण सव्वीस घरं आहेत. वरीस गेला सगळ्याइचा. काही तं करा लागन.’

‘लच्छूभाऊ,’ प्रणित म्हणाला, ‘मले बोलाचं आहे.’

‘बोला ना. ऑक्सिजन सांगता का?’

‘तीस बंड्या मी सांगतलो. बाबानं नाई. हिशोब माया होता.’

जाळ्यावरची बोटं थांबली. ‘खोटा बोलते तो,’ उमाजी मान वर न करता म्हणाले. ‘बापाले वाचवाले आला. तो तिकडे चंद्रपुराले, त्याले काय माईत इथचं? मीच टाकलो.’

आणि मग जे झालं त्याची प्रणितने कल्पनाही केली नव्हती. लोकांनी उमाजींवर विश्वास ठेवला. सगळ्यांत म्हातारा मुखरू, काठीवर हनुवटी ठेवून बसलेला, त्याचे डोळे भरून आले. ‘पाहा बाप्पा,’ तो म्हणाला, ‘बापासाठी खाली मान घालाले आला पोरगा. कोण करते आजकाल?’ कुणीतरी हूं म्हणालं. लच्छूनेही रजिस्टरवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं आणि त्या नजरेतला कडवटपणा गेला होता. प्रणितला ते ओळखीचं वाटलं. हेच ते, फुकट मिळणारं. बोट ठेवायचा अवकाश. आता तो नुसता गप्प राहिला असता तरी चांगला मुलगा म्हणून गावाच्या लक्षात राहिला असता, पाळीवरून उतरताना कुणी पाठीवर हात ठेवला असता, आणि त्या हाताखाली तो दुपारी पोटभर जेवला असता. त्याने खिशातून मोबाइल काढला, चार ऑक्टोबर शोधलं आणि फोन लच्छूच्या हातात दिला.

लच्छू अक्षर लावत वाचू लागला. ‘बाबा, तलाव चाळीस एकर आहे. तीस बंड्या शेण बुधवारपर्यंत टाका. कमी टाकू नका.’ तो थांबला. ‘खाली आवाज आहे.’

‘लावा,’ प्रणित म्हणाला.

लच्छूने लावला. आधी नुसता वारा, मागे बैलाची घंटा, मग उमाजींचा आवाज, मोबाइलमध्ये बोलताना ते नेहमी ओरडत तसा. ‘हां पोरा. आयकलो मी. पण पाणी उतरला आहे गा, दार उघडला ना धानाले. अर्ध्याच्या बी खाली आहे पाणी. तीस जास्त नाई होनार का? एकडाव पाहून सांग मले.’ एकोणीस सेकंद. त्याखाली प्रणितचं उत्तर होतं, आणि लच्छूने तेही वाचलं, कारण तो वाचायला लागला होता आणि मध्ये थांबणं त्याला सुचलं नाही. ‘बाबा, मी हेच शिकलो आहे ना? सांगितलं तेवढं करा.’

मुखरूने काठीवरची हनुवटी काढली. तेवढ्यात लच्छूच्या हातात फोन टिंग वाजला. अकरा वाजत आले होते. लच्छूने पडद्यावर सरकलेली पट्टीही वाचली, तशाच एकसुरी आवाजात. ‘कछुआ आपकी राह देख रहा है. आज मन कैसा है?’ मग त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ‘हा कोण कछुआ?’

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

‘खेळ आहे. मोबाइलचा,’ प्रणित म्हणाला.

‘खेळते तू?’

‘हो. रोज. मासे मेले त्या दिवशीपासून.’

‘तुया बाप इथी महिनाभर एकटा बसून,’ लच्छू सावकाश म्हणाला, ‘अन् तू तिकडे कासवासंग खेळून राह्यला?’

‘हो.’

लच्छूने फोनकडे पाहिलं. बहुतेक पट्टीवर चुकून बोट पडलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर फिकट हिरवा उजेड आला. तळं उघडलं होतं. तो काही क्षण त्या न मरणाऱ्या माशांकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. ‘विचारून राह्यला ना तो,’ तो म्हणाला. ‘सांग मंग. कसा आहे मन?’

टोमणाच होता तो. पण लच्छू उत्तरासाठी थांबला. समोर पंचवीस घरांची माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला बंडी म्हणजे काय ते माहीत होतं.

‘लाज वाटते, भाऊ,’ प्रणित म्हणाला.

कासव इथे लगेच काहीतरी बोललं असतं. लच्छूने फोन पॅंटला पुसला आणि परत दिला, आणि काहीच न लिहिता रजिस्टर मिटून काखेत घातलं. ‘उमाजी भाऊचं नाव राहू द्या,’ तो कुणाकडेही न बघता म्हणाला. ‘धान कापाचं आहे.’ माणसं उठली, धोतरं झटकली, बांधाच्या बाजूने एकेक करून उतरू लागली. प्रणितच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही. मुखरू त्याच्या शेजारून गेला तेव्हा त्याने काठी मुद्दाम दुसऱ्या बाजूला टेकवली.

मोहाखाली दोघंच राहिले. प्रणित दगडापाशी जाऊन उभा राहिला, मग खाली, मातीतच बसला. उमाजी पाण्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा असा रागावलेला त्याने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

‘मी तं माह्या फोनातून सगळा मिटवलो होतो,’ ते म्हणाले. ‘तू काऊन ठेवला?’